खाकी कागदाचे चेहरे

दिवा गावात रचनाताईंची बालवाडी त्यांच्याच चाळीतल्या घराच्या पुढच्या खोलीत भरते. मागच्या खोलीत त्या एकट्याच राहतात. पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे अमृताही राहायची.

अमृता त्यांच्या थोरल्या बहिणीची, तुळसाची मुलगी. तुळसा काविळीने गेली तेव्हा पोर रांगतही नव्हती. तिचे वडील राकेश कंपनीत पाळीवर जायचे, म्हणून अमृता मावशीकडे आली आणि इथेच चालायला, बोलायला शिकली. चार वर्षांची झाली, तेव्हा राकेशनी दुसरं लग्न केलं, बदली घेतली आणि मुलीला नांदेडला नेलं. नवी आई चांगली होती. भांडावं असं कुणीच नव्हतं, हेच रचनाताईंना जड गेलं. हळूहळू फोनही कमी झाले.

जानेवारीत त्यांनी मुलांना स्वतःचे चेहरे करायला बसवलं. पुठ्ठ्यावर कागदाचे कपटे फाडून चिकटवायचे, केसांना काळी लोकर. आरसा हातोहात फिरत होता.

"ताई, मी एवढा काळा नाय," एकजण खाकी कागद बघून म्हणाला.

"आरशात बघ. छान आहे की रंग."

"माझा एक दात पडलाय. तो कसा लावू?" नयनने विचारलं.

"नाही लावायचा. तिथे रिकामं ठेव."

मग मुलं मागे लागली, "ताई, तुमचा पण करा ना!" ताई बसल्या. गाल चिकटवले, कपाळावर लोकरीची वाकडीतिकडी झुलपं लावली. नयन वाकून बघत होती.

"ताई, ही तर लहान मुलगी आहे!"

रचनाताईंचा हात थांबला. अमृताची झुलपं त्यांनीच घरच्या कात्रीने कापलेली असायची, तशीच.

"ही आमची अमृता."

"मग ती शाळेत का नाय येत?"

"तिच्या घरी असते ना ती," ताई म्हणाल्या आणि एका बादलीत सगळ्यांचे चिकट हात धुवायला उठल्या.

दुपारी त्यांनी राकेशना फोन लावला. "भाऊजी, अमृताला सांगा ना, कागदाचा स्वतःचा चेहरा करून फोटो पाठव म्हणावं. मावशीला हवाय."

"सांगतो रचना. अभ्यास असतो गं तिला."

बऱ्याच दिवसांनी एका रविवारी फोटो आला. लांबट चेहरा, दोन वेण्या आणि डोळ्यांवर काळ्या कागदाची दोन मोठी वर्तुळं. ताईंनी लगेच फोन केला.

"अमू, चष्मा कधी लागला गं?"

"दिवाळीत. तुला माहीत नाही? आई म्हणते, छान दिसतो."

"दिसतोच," ताई म्हणाल्या.

"मावशी, मी तुझ्याकडे होते तेव्हा कशी दिसायचे?"

मग त्या सांगत सुटल्या. गाल कसे होते, मावशीचा कान पकडल्याशिवाय झोप कशी यायची नाही, पाण्याचा टँकर आला की नाचत बाहेर कशी पळायची. अमृता हसत राहिली. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

"भीमजयंतीला येऊ," राकेश म्हणाले होते. रजा मिळाली नाही. मे महिनाही तसाच गेला. ताईंनी तिच्यासाठी घेतलेला फ्रॉक आता लहान होईल, म्हणून शेजारच्या मुलीला दिला.

अमृता मात्र आता रविवारी स्वतःहून फोन करते. कधीकधी बोलायला काहीच नसतं. तेव्हा ती शाळेतला धडा मोठ्याने वाचते, आणि मावशी ऐकत बसते.