माझी फिट कोणी पाहिली

मला फिट येते, पण माझी फिट मी कधी पाहिलेली नव्हती. ती आईने पाहिली होती, बडनेऱ्याच्या फलाटावरच्या अनोळखी लोकांनी पाहिली होती, दहावीच्या पोरांनी पाहिली होती. मला आठवायचं ते फक्त आधीचं आणि नंतरचं. आधी मी फळ्यावर त्रिकोण काढत असायचो. नंतर मी खाली पडलेला असायचो, जीभ चावलेली असायची, आणि नाकाशी कोणाची तरी चप्पल असायची.

चप्पल हा आमच्या घरचा प्रथमोपचार. अंगारा, ताईत, देवऋषी यांना आमच्याकडे थारा नाही. बाबा नांदगाव पेठला सूतगिरणीत कामाला आहेत, रविवारी विहारात जातात, आणि कोणी गंडेदोऱ्याचं नाव काढलं तर त्याला अर्धा तास समजावून सांगतात. पण चप्पल त्यांच्या लेखी अंधश्रद्धेत येत नव्हती. "ते शास्त्र हाये," ते म्हणत. "चामड्याचा वास मेंदूले जाते अन् मेंदू जागा होते." अडचण एवढीच, की आता खऱ्या चामड्याची चप्पल कोणाच्या पायात नसते. बडनेऱ्याला मी पडलो तेव्हा जमलेल्या पंधरा-वीस माणसांच्या पायात नुसतं रबर आणि प्लास्टिक निघालं. त्या दिवसापासून बाबांनी कोल्हापुरीच्या जोडीतली एक चप्पल माझ्या नावाने काढून ठेवली. माझ्या बॅगेत गोळ्यांचं पाकीट, पाण्याची बाटली आणि कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली ती एकटी चप्पल असायची.

आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला. राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासमध्ये मला नववी-दहावीचं गणित शिकवायला मिळालं, तेव्हा बाबा पाळी संपवून थेट तिथे आले. पाटीवर माझ्या नावापुढे लिहिलेली पदवी त्यांनी रस्त्यावरूनच वाचली आणि आत न येता परत गेले. म्हणून भर वर्गात मला फिट आली, तेव्हा मला जिभेपेक्षा त्या पाटीची काळजी वाटली.

क्लास चालवणारे गृहस्थ चांगले होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं.

"सर, शिकवणं तुमचं एक नंबर आहे," ते म्हणाले, "पण पालक फोन करून राहिले ना. एक काम करा. डॉक्टरांकडून लिहून आणा, की यापुढे फिट येणार नाही. आणलं की वर्ग तुमचा. महिनाभर मी थांबतो."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर मले दुसरा माणूस पाहा लागन."

असं पत्र मिळत असेल, हे मला तेव्हा खरंच वाटलं. कागदावर माझा विश्वास आहे. एका एका प्रमाणपत्राला धरूनच मी इथवर आलो.

अकोल्याला मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडे आम्ही तिघं गेलो. तोवर पाच वर्षं मी एकच गोळी घेत होतो, आणि कधी कधी विसरतही होतो. मॅडमनी डोक्याला तारा लावून ईईजी काढायला लावला. तो चांगला आला. आईने हात जोडले.

"फिट नसताना काढलेला ईईजी चांगला येऊ शकतो," मॅडम म्हणाल्या. "आजाराचा प्रकार कळतो तो फिट कशी येते त्यावरून. सुरुवात कोणत्या हातापासून होते?"

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मान कोणत्या बाजूला वळते? डोळे उघडे असतात की मिटलेले?"

"मॅडम, मी तं चप्पल आणाले धावतो," बाबा म्हणाले.

"आणि ताई, तुम्ही?"

"मी यांले सांगते, चप्पल कुठं ठेवली हाये थे."

पाच वर्षांत मला आलेल्या बहुतेक फिटांना साक्षीदार होते, आणि त्यातला प्रत्येकजण माझ्याकडे पाठ करून चप्पल शोधत होता. बाबांनी पुराव्यादाखल कॅरीबॅग उघडून चप्पल टेबलावर ठेवली. मॅडम हसल्या नाहीत, याबद्दल मी अजून त्यांचा आभारी आहे.

"काका, ही सापडायला किती वेळ लागतो?"

"दोन-तीन मिनिटं. पयले जास्त लागे."

"बहुतेक फिटा दोन-तीन मिनिटांत आपल्या आपणच थांबतात. तुमची चप्पल बरोबर थांबायच्या वेळेला पोचते."

बाबांनी टेबलावरची चप्पल उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे आमी जरा लवकर पोचलो असतो, तं तिचा गुण आलाच नसता."

"बरोबर."

मॅडमनी कागदावर मेंदू काढून दाखवला. मेंदूतल्या पेशी बारीकशा विजेने एकमेकींशी बोलतात. खूप पेशी एकाच वेळी बोलू लागल्या की फिट येते. काही जणांत हा गोंधळ एका कोपऱ्यातून सुरू होतो, काही जणांत सगळीकडे एकदम. औषध त्यावर ठरतं, आणि एकासाठीचं औषध दुसऱ्याला दिलं तर फिटा वाढूही शकतात. म्हणून पुढच्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढा, म्हणाल्या. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेली तर १०८ला फोन करा.

मी पत्राचं विचारलं.

"फिट येणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या मला येणार नाही, असंही कोणी लिहून देणार नाही."

घरी आल्यावर बाबांनी सूतगिरणीत आगीची तालीम होते तशी तालीम घ्यायचं ठरवलं. आईकडे घड्याळ दिलं, स्वतः मोबाईल घेतला.

"पड," ते मला म्हणाले.

मी चटईवर पडून हातपाय झाडले.

"असा नाही करत तू," आई म्हणाली.

"मग कसा करतो?"

"आंधी एकदम कडक होते. मंग झटके येते."

"आंधी ओरडते तो," बाबा म्हणाले.

"कुठं ओरडते? मी जवळ असते का तुमी?"

"मले आंगणात आयकू आलं होतं."

"ते मी ओरडली होती."

मी माझीच फिट चुकीची करतोय, यावर दोघांचं एकमत होतं. बरोबर कशी, यावर नव्हतं. पुन्हा तीनदा पडलो. बाबांनी काढलेल्या व्हिडिओत शेवटपर्यंत त्यांचा अंगठा दिसतो.

महिना संपत आला आणि फिट काही येईना; फिट नाही म्हणून व्हिडिओ नाही, व्हिडिओ नाही म्हणून नवं औषध नाही. बाबा कामावरून आले की दारातूनच विचारत, "आली का?" आई मान हलवी, आणि ते हिरमुसून हातपाय धुवायला जात. बरं राहणं आपल्याला अडचणीत आणतंय, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

मग एका सकाळी सुचलं, वर्गात कॅमेरा आहे. परीक्षेत पोरं कॉपी करतात म्हणून मोठ्या सरांनी तो बसवला होता. मी पळत राजापेठ गाठलं. तीस दिवसांनंतर जुनं आपोआप पुसलं जातं, आणि तो अठ्ठाविसावा दिवस होता.

केबिनमध्ये मोठे सर आणि मी, दोघांनी ते पाहिलं. एक सडपातळ माणूस फळ्यावर त्रिकोण काढत होता. त्याच्या हातून खडू सुटला. उजवा हात झटके देत वर आला, मान उजवीकडे वळली, जणू तिकडून कोणी हाक मारली. मग तो पडला आणि त्याचं सगळं अंग उडू लागलं. मला त्याची दया आली नाही आणि लाजही वाटली नाही. हा माणूस मी आहे आणि यातलं मला काहीच ठाऊक नाही, याचं नवल वाटत राहिलं.

तेवढ्यात पडद्यावर मोठे सर धावत आले. त्यांनी पोरांचे पाय पाहिले. मग खाली बसून स्वतःच्या बुटाची नाडी सोडायला लागले. नाडीला गाठ बसली होती. ती दातांनी सोडवता येते का, हेही त्यांनी एकदा पाहिलं. कोपऱ्यातल्या घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद झाले तेव्हा माझे झटके थांबले. अर्ध्या मिनिटाने बूट निघाला आणि शांत पडलेल्या माझ्या नाकाला लावला गेला.

सरांनी तेवढाच भाग पुन्हा लावला.

"हे तर आधीच थांबलं," ते म्हणाले.

"हो सर."

"मग मी बूट कोणाले हुंगवून राहिलो?"

मी पडद्यासमोर मोबाईल धरून ते सगळं उतरवून घेतलं.

अकोल्याला मॅडमनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि म्हणाल्या, "उजवा हात. म्हणजे सुरुवात एका कोपऱ्यातून आहे. आता कळलं." जुनी गोळी हळूहळू कमी करत नवी सुरू केली. एकही चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, दुचाकी चालवायची नाही. पत्रही दिलं, पण मला हवं होतं ते नाही. त्यात लिहिलं होतं, की मला अपस्मार आहे, मी शिकवू शकतो, आणि फिट आली तर काय करावं.

मोठ्या सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं. "म्हणजे येऊ शकते."

"हो."

"पोरांना हे सांगाल? तुम्ही स्वतः?"

मी सांगितलं. वर्तुळाचा धडा बाजूला ठेवून एक तास मी माझ्याबद्दल आणि फिट आली की काय करायचं, काय टिपायचं याबद्दल बोललो, आणि हे परीक्षेला येणार का, असं एकाने विचारलं.

दोन महिन्यांनी वर्गातच फिट आली. मी शुद्धीवर आलो तेव्हा कुशीवर होतो, डोक्याखाली कोणाचं तरी दप्तर होतं, आणि चाळीस पोरं मान खाली घालून वहीत लिहीत होती. मग त्यांनी पानं फाडून माझ्यासमोर ठेवली. कोणी एक मिनिट दहा सेकंद लिहिलं होतं, कोणी एक मिनिट वीस. दहा-बारा जणांनी डावा हात लिहिला होता, कारण मी त्यांच्याकडे तोंड करून उभा होतो. एकीने लिहिलं होतं, "सरांचं उत्तर चुकलं होतं, पण ते फिट येण्याच्या आधी."

मोठे सर दारात उभे होते. ते कधीपासून तिथे होते मला माहीत नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक पंधरा, सर," पहिल्या बाकावरून आवाज आला.

ते आत आले आणि त्यांनी टेबलावरचं डस्टर उचललं.

"आजचा तास मी घेतो," ते मला म्हणाले. "उद्या वेळेवर या."

माझं डोकं ठणकत होतं आणि जीभ जड झाली होती. मागच्या बाकावरच्या पोरांनी सरकून मला जागा दिली, आणि मोठे सर फळा पुसू लागले.