सोनाळ्याचं बिनडोळ्यांचं घुबड

नागपूरच्या प्रदर्शनासाठी पक्ष्यांची चित्रं मागवल्याचं कळलं आणि माझी झोपच उडाली. मोर, पोपट सगळेच काढतात. मला घुबड काढायचं होतं, तेही पेंढा भरलेलं नव्हे, झाडावर बसलेलं. यांच्या कचेरीतले एक गृहस्थ म्हणाले, सोनाळ्यामागच्या जंगलात दिवसाढवळ्या उन्हात बसणारा रानपिंगळा आहे. मी लगेच वळकटी बांधायला घेतली.

"घुबडासाठी रजा मागू? साहेब काय म्हणेल?" हे म्हणाले. पण मागितली.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगते. खामगावहून निघून जलंबला गाडी बदलायची आणि शेगावला उतरायचं. तिथून वरवटपर्यंत मोटार मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. मी सारखी उतरायची, रस्त्याकडे बघायची, पुन्हा चढायची. पुढे छकडा. छकडेवाला रुपया मागतो आणि बारा आण्यांत तयार होतो. रंगांची पेटी मांडीवर धरा. माझी शाईची दौत पहिल्याच नाल्यात सांडली आणि यांच्या धोतरावर सातपुडा उमटला. नशीब, दुसरी दौत होती.

सोनाळ्यात यांच्या लांबच्या नात्यातल्या गंगाकाकूंकडे उतरलो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. "खाय वं पोरी, लाजू नको," असं म्हणत काकू वाढत राहिल्या. त्यांची सून सखू भरल्या दिवसांची होती. मागल्या साली तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं. काकूंनी हे चुलीपाशी, तिच्यासमोरच सांगितलं. सखू मान खाली घालून भाकरी थापत राहिली.

सकाळी काकूंच्या शेताच्या बांधावरल्या सागावर तो दिसला. मूठभर पक्षी, पण ऐट ठाणेदाराची. उघड्या फांदीवर ऊन खात बसलेला, शेपटी सारखी हलवत. मी धांदलीनं कागद ताणला. आधी शाईनं रेघा, त्या वाळल्या की पातळ रंगाचे हात, अशी माझी रीत. आणि पक्ष्याचे डोळे मी सगळ्यांत आधी काढते. डोळा साधला की बाकीचा पक्षी आपण होऊन येतो. टाक बुडवला, तेवढ्यात शिदोरी घेऊन काकू आल्या.

"थांब वं! डोये नको काढू."

"काऊन, काकू?"

"डोये काढले का ते पाहाले लागते. घरात पोटुशी हाय. तिची सुटका होऊ दे, मंग काढ."

मी हसले. काकू हसल्या नाहीत. मी वाद घालणारच होते, तोच त्यांच्यामागे सखू दिसली. पाण्याचा गडवा घेऊन आली होती. पदर पोटावरून ओढून घेऊन ती झाडाकडे पाठ करून उभी राहिली. माझा वाद तिथेच संपला. "नाही काढत," मी म्हणाले.

दिवसभर मी बाकीचं चित्र केलं. करडी पाठ, पोटावरचे तपकिरी पट्टे, पायांवरची पिसं. डोळ्यांच्या जागी कोऱ्या कागदाचे दोन गोल. त्यांच्याकडे बघवेना. पिवळा रंग मात्र मनात घोकत राहिले: तुरीच्या फुलाहून फिका, लिंबाच्या सालीहून किंचित गडद.

निघताना सखू छकड्याशी आली. "वैनी, निरोप धाडीन मी. तवरोक?"

"तवरोक नाही."

खामगावात परतले आणि जिवाची नुसती तगमग. प्रदर्शनाची मुदत जवळ येत होती. चित्र टेबलावर, मी घरभर. रंग कालवायचा, ओतून द्यायचा. एकदा तर भरलेला कुंचला कागदापर्यंत गेला, आणि हात पुढे जाईना.

"तुझा विश्वास आहे का यावर?" यांनी विचारलं.

"मुळीच नाही."

"मग काढ की. कुणाला कळणार आहे?"

"काढले आणि तिकडे काही झालं, तर? तिला कळणार नाही. मला कळेल."

मुदत गेली. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि सगळ्यांवर खेकसले. चित्र सुंदर झालं होतं हो! बक्षीस मिळालं असतं असं मला अजूनही वाटतं.

मग एका सकाळी कापूस घेऊन बाजाराला आलेला सोनाळ्याचा गाडीवान दारात उभा राहिला. "गंगाबाईनं सांगतलं, पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत." मी टेबलाकडे वळलेच होते. तो पुढे म्हणाला, "अन् सुनेनं सांगतलं, वैनीले म्हणा आता डोये काढा. पण रागावल्यावानी नका काढू."

रानपिंगळ्याची भुवईच अशी, की तो सदा रागावलेला दिसतो. खरं चित्र काढायचं तर तसंच काढायला हवं. मी भुवईची शाई ओल्या कुंचल्यानं जमेल तेवढी फिकी केली आणि डोळे काढले, पिवळे, जरा गोल, जरा नवल करणारे. पक्षी ओळखणारे नावं ठेवतील. ठेवोत बापडे. मुदत गेलेलं चित्र मी सखूलाच द्यायचं ठरवलं होतं, आणि ते त्याच गाडीतून जायचं होतं. गाडीवान बैल जुंपायच्या आत रंग वाळायला हवा, म्हणून मी ते उन्हात धरून अंगणात उभी राहिले.