खुनी पहिल्याच पानावर

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला चहा संपवा. नाहीतर ठसका लागेल आणि नाव माझं होईल.

मी चाकणला जपानी कंपनीत, क्वालिटीत. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हेच काम. त्यामुळे मोशीला, सासरी, जपानबद्दल माझा शब्द शेवटचा. सासरे अप्पा तर मला फार मानायचे.

तर अप्पांना एका जपानी डिटेक्टिव्ह सिरीजचं वेड लागलं. हिंदीत डब केलेली. मी म्हटलं, "अप्पा, ही ज्या चित्रकथेवरून काढलीय ना, मांगा म्हणतात तिला, ती इंग्रजीत कॉलेजपासून आहे माझ्याकडे. पुन्हा वाचतो आणि काय काय बदललंय ते सांगतो."

कुणी विचारलं होतं का? नाही.

आमच्या दिघीच्या घरी जुन्या ट्रंकेतून पुस्तक काढलं, वाचलं, आणि दर रविवारी अप्पांशेजारी बसून सुरू झालो.

"पार वाट लावली राव यांनी. पुस्तकात पहिल्याच पानावर खुनी पकडतात. इथं त्याचा पत्ताच नाही."

"आसं व्हय?"

"आणि मेलेला म्हातारा पुस्तकात शेवटी जिवंत होऊन चहा पितो. इथं पहिल्याच भागात पितोय. जपानी लोक फार खोल हो अप्पा. आधी पाप, मग क्षमा, मग पुनर्जन्म. सिरीजवाल्यांना झेपलंच नाही."

अप्पांना पुनर्जन्माशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना खुनी स्वतः ओळखायचा होता. त्यांचा संशय आचाऱ्यावर.

शेवटचा भाग लागला आणि मला राहवलं नाही. "आचारी कसला अप्पा, डॉक्टरनं मारलंय."

अप्पांनी टीव्ही बंद केला. "इतकं दिस जीव टांगून बसलो हुतो मी, पाव्हणं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खुमखुमी जाईना. पुस्तक पुढं केलं. "पण मुळात लपवलेलंच नाही हो. हे बघा, पहिलं पान."

ते स्वातीनं, माझ्या बायकोनं, घेतलं. शाळेच्या सवयीनं मी त्याला खाकी कव्हर घातलेलं, आतून गोंद लावून पक्कं चिकटवलेलं. तिनं ते सोललं. खाली ठळक इंग्रजीत काहीतरी छापलेलं. तिनं सगळ्यांना मराठीत सांगितलं, "थांबा. हे शेवटचं पान आहे. जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात."

दोनदा वाचलं होतं हो मी ते. दोन्ही वेळा उलटं.

"आन् कंपनीत तुमी चुका काडता?" अप्पांनी शांतपणे विचारलं.

तेव्हापासून सासरी जेवायला बसलो की अप्पा आत आवाज देतात, "पाव्हण्यास्नी आदी बडीशेप द्या गं. त्यांचं शेवटाकडनं सुरू हुतंय."

आणि मी आधी बडीशेप खातो, मग जेवतो.