आमच्या घाटातला पहिला नंबर

वकिलीच्या शेवटच्या परीक्षेत मी कॉलेजात पहिली आले, तेव्हा वडिलांनी आळे गावाजवळच्या आमच्या वाडीत घरोघर पेढे वाटले. आता पुण्याचे वकील तुला बोलवायला दारात येतील, असं ते मनापासून म्हणाले. त्यांचं सगळं गणित बैलगाडा शर्यतीवर चालायचं. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, पहिला आलेला बैल बघायला लोक लांबून येतात, मग पोरीचं वेगळं काय?

कोणी आलं नाही. मीच आळेफाट्यावर एसटी धरून पुण्याला खेटे घालू लागले. एका मोठ्या वकिलांच्या ऑफिसात जागा होती. वडीलही सोबत आले आणि बाहेर बाकावर बसले. वकिलांनी माझी गुणपत्रिका पाहिली. "पहिल्या आलात, छान. पण या कॉलेजात शिकतं कोण?" अगदी सौम्यपणे विचारलं, म्हणून जास्तच लागलं. मी गुणपत्रिका घडी करून बाहेर आले. जागा पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजातल्या एका मुलाला मिळाली. आपण काठावर पास झालोय, हे त्यानंच मला जिन्यात हसत सांगितलं होतं.

जागा गेल्याचं कळल्यावर वडील माझ्यावरच भडकले. "लई भित्री तू. पहिला नंबर हाय म्हणून ठणकावून सांगायचं व्हतं. तोंडच उघडत न्हाई, मग कोण घेईल?" पुढं लग्नाकार्यात, पाहुण्यांसमोर ते हेच सांगत राहिले. मी जुन्नरच्या कोर्टात कामं धरली. दिवसभर जजपुढे घसा कोरडा करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मुखदुर्बळ ठरायचं. समजावून सांगण्याचाही कंटाळा येऊ लागला.

काही वर्षांनी वडिलांनी बैल विकायला काढला. गावच्या जत्रेत तो पहिला आला होता. आंबेगावकडचे एक पाहुणे बैल बघायला आले, चहा प्यायले, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "कुठल्या घाटात पयला आला?" वडिलांनी छाती काढून आमच्या वाडीचं नाव सांगितलं.

पाहुणे हसले. "राव, तुमच्या घाटात पळतंय कोण?"

वडिलांच्या तोंडून शब्द फुटला नाही. बैलाला पळवूनही न बघता पाहुणे निघून गेले.

वडिलांनी बैल परत गोठ्यात बांधला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पोरी, त्या वकिलानं तुला आसंच इचारलं व्हतं का?"

"हो," मी म्हणाले.