पाच तारखेची नोंद

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा सांगेल. बचत खात्याच्या खिडकीवर सव्वीस वर्षं काढली, लोकांना ओरडून ओरडून शहाणं केलं. पण एकदा शहाणपण शिकवायला गेले आणि एका बाईचं होतं नव्हतं ते घालवून बसले.

त्या काजवाल्या मावशी. घरी बसून कारखान्याच्या शर्टांना काजं-बटणं करायच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा परदेशात, मोठ्या पगारावर. दर महिन्याच्या पाच तारखेला बँक उघडायच्या आत मावशी दारात हजर. पासबुक खिडकीतून आत सरकवायच्या आणि म्हणायच्या, "बघ गं, आले का?"

"आले, मावशी. आज सकाळीच."

"त्याच्याच नावाने ना? वाच बरं."

मी मुलाचं नाव वाचायचे. मग मावशी मागच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "एक महिना चुकला नाही हो! कामाचा एवढा रगाडा, पण पाच तारखेला आईची आठवण ठेवून बँकेत जाणार म्हणजे जाणार."

फोन काही तो करत नसे. यांनी केला तर "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो," आणि ते नंतर उजाडायचं नाही. पण पासबुकातली ती एक ओळ घेऊन मावशी महिना काढायच्या. आलेल्या पैशातली पै खर्चायच्या नाहीत. पैसे हवे होते कुणाला?

त्या वर्षी वरून फर्मान आलं, आर्थिक साक्षरता महिना पाळा. प्रत्येकीने वीस खातेदार साक्षर करायचे आणि वहीत खूण करायची. माझे एकोणीस झाले होते. मी मावशींना धरलं.

"मावशी, एवढे पैसे खात्यात नुसते झोपा काढतायत. मुदत ठेवीत टाका, व्याज दुप्पट मिळेल. पुढचेही परस्पर तिकडे वळते करू. तुमची खेप वाचेल."

"नको गं. एखाद्या महिन्यात तो विसरला तर? मला कळायला नको?"

आणि मी फटकन बोलले, "अहो, तो कशाला विसरतोय! चार वर्षांपूर्वी एकदाच बँकेला सांगून ठेवलंय त्याने, दर पाचला पाठवा म्हणून. हे बघा, नोंदीपुढे खूण आहे. मशीन पाठवतं ते. त्याला पत्ताही नसतो."

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "म्हणजे तो बँकेत जात नाही?"

"आता कोण जातं बँकेत!" असं म्हणून मी हसले. देवा, हसले मी!

"म्हणजे मी मेले तरी येत राहतील?"

माझं हसू तिथेच गोठलं. "खातं चालू असेपर्यंत येतील," मी म्हटलं. त्या पासबुक उचलून गेल्या. मी वहीत विसावी खूण केली.

आठवड्याने परत आल्या. चेहरा उतरलेला, पण आवाज ठाम. "पैसे माझ्याकडे पोचलेच नाहीत तर त्याला कळतं का गं?"

"कळतं की. परत जातात, त्याला निरोप जातो."

"मग माझं खातं बंद कर."

मी कपाळावर हात मारला. "मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. तूच शिकवलंस. पैसे परत गेले की तो घाबरेल. फोन करेल, आई, काय झालं म्हणून विचारेल."

कप्पाळ माझं! शिल्लक ठेवीत टाकली, खातं बंद केलं. पाच तारखेला पैसे परत गेले. सहा तारीख गेली. सातला दुपारी शाखेचा फोन वाजला, मी उचलला. तो मुलगा.

"आईचं खातं बंद दाखवतंय. नवा खाते नंबर द्याल का? एकदा भरून ठेवतो, म्हणजे परत बघायला नको."

"तो तुमच्या आईलाच विचारा ना."

"वेळच जुळत नाही हो. तुम्हीच कळवलंत तर बरं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "आई बरी आहे का, हे विचारायचं राहिलं तुमचं!"

मग अगदी सभ्यपणे म्हणतो, "तसं काही असतं तर कुणीतरी कळवलंच असतं ना?"

संध्याकाळी मी मावशींकडे गेले. एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, बाजूला शर्टांचा कमरेएवढा ढीग. मशीनच्या फळीवर फोन, चार्जरला लावलेला.

"काम पडून कसं?" मी विचारलं.

"तीन दिवस मशीन लावलं नाही. खडखडाटात रिंग ऐकू यायची नाही."

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण खिडकीवर मी या बाईला कधी खोटा आकडा सांगितला नव्हता. "त्याचा फोन आला होता, मावशी. बँकेत."

त्या ताडकन उठल्या. "काय म्हणाला?"

"नवा खाते नंबर मागत होता."

"आणि?"

"आणि काही नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मावशी खाली बसल्या. हातातल्या शर्टाची कॉलर कितीतरी वेळ सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "खात्याचा अर्ज आणलायस?"

आणला होता. निर्लज्ज मी, पिशवीतच होता. नाव, पत्ता, सही, सगळं झालं. शेवटचा रकाना उरला.

"नॉमिनी कोण लिहू, मावशी? तुमच्या माघारी पैसे कुणाला द्यायचे?"

"कुणाला म्हणजे? त्यालाच. दुसरं कोण आहे मला?"

त्यांनी फोनचा चार्जर काढला, ढिगातला वरचा शर्ट ओढला आणि मशीन सुरू केलं.