दोघांचा ग्रीक वर्ग
आमसुलांसाठी रातांब्याची सोलं उन्हात पसरली की त्यांच्या आंबट वासाने मला रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या कँटीनमागचं अंगण आठवतं. मी तिथे प्राचीन ग्रीक शिकवत होते. त्या वर्षी वर्गात दोघंच उरली होती, देवरूखच्या पलीकडून एसटीने येणारी एक मुलगी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. परीक्षा तोंडावर असताना प्राचार्यांनी दहापेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग बंद केले आणि आमच्या खोलीला कुलूप घातलं. मी खडू आणि जाडजूड शब्दकोश उचलून कँटीनमागे गेले. कँटीनवाल्या काकूंनी बाकडं पुसून दिलं आणि म्हणाल्या, "बसा हो बाई, सोलांवर पाय तेवढा देऊ नका." तिसऱ्या दिवशी प्राचार्य तिथे येऊन उभे राहिले. "बाई, दोन माणसांना वर्ग म्हणत नाहीत." मी काही बोलायच्या आत ती मुलगी उठली. एरवी ती तोंडातल्या तोंडात बोलायची. "सर, ग्रीकमध्ये दोघांसाठी वेगळं वचन असतं. एकवचन नाही, अनेकवचनही नाही. आज आम्ही तेच शिकतोय. तुम्ही पण बसा ना." पोस्टमास्तरांनी लगेच सरकून जागा केली. प्राचार्य बसले नाहीत, त्यांनी कुलूपही काढलं नाही. आम्हीही ते काढायला सांगितलं नाही, उरलेला अभ्यासक्रम त्याच बाकड्यावर पुरा केला. पुढल्या वर्षी कॉलेजने तो विषयच काढून टाकला. आता मी निवृत्त आहे आणि दर शनिवारी घराच्या पडवीत ग्रीक शिकवते. यंदा एकच जण येतो. वर्ग वेळेवर सुरू होतो.