निरोपांची दलाली

"काय काम करतीस गं तिथं वसमतला?" शालूबाईनं लेकीला विचारलं होतं.

"दलाली, आई."

"हळदीची?"

"न्हाई. निरोपांची."

साधना रोज आखाडा बाळापूरहून एसटीनं वसमतला जाई. हळदीच्या गोदामांत ओल आणि उष्णता मोजणाऱ्या पेट्या होत्या. त्यांचे निरोप घ्यायचे, ज्याला हवे त्याला पोचवायचे, यासाठी संगणकातला दलाल तिनं उभा केला होता. पोच मिळेपर्यंत तो निरोप पुन्हा पुन्हा धाडी. बारा पेट्यांच्या दोनशे झाल्या. एकही निरोप गहाळ झाला नाही.

मालकाचा पुतण्या पुनमचंद पाहुण्यांना सांगे, "समदं मीच केलं." तिच्याकडे बोट दाखवून म्हणे, "ही पेट्या पुसते."

दोन वर्षं तिनं ऐकून घेतलं. विसरली मात्र नाही.

मग मोठे खरेदीदार आले. पेटी बंद पडली तर लगेच कसं कळतं, हे दाखवायला पुनमचंद त्यांच्यापुढे चार नंबरच्या पेटीची वायर उपटणार होता. पेटी अशी अचानक बंद पडली, की त्या पेटीनं दलालाकडे आधीच ठेवलेला शेवटचा निरोप सगळ्यांना जाई. 'चार नंबर बंद', एवढाच तो असे. आदल्या दिवशी साधनानं तो बदलला.

पुनमचंदनं वायर उपटली. दलालाला जोडलेले साठ फोन एकदम वाजले. भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली:

'मी बंद पडले. मला साधनानं घडवलं. पुनमचंदला मला चालू करता येत न्हाई.'

"करा की चालू, शेठ!" खरेदीदारांतले मोहनसिंग हसले.

पुनमचंदनं वायर पुन्हा लावली. पेटीनं पासवर्ड मागितला. त्याचं तोंड उतरलं.

"साधनाताई, काहून असं करून राहिल्या?"

"आधी सांगा, हे समदं कुनी उभं केलं?"

"तुमी."

"मोठ्यानं."

"तुमी केलं!"

तिनं पासवर्ड कागदावर लिहून दिला, पिशवी उचलली आणि निघाली. एसटीत तिनं खिडकीजवळची जागा धरली. पश्चात्ताप नव्हता.

महिन्यानं तिला तिच्या जागी आलेल्या भिवाजीचा फोन आला. नवा फोन जोडला की पहिल्यांदा तोच, 'मला साधनानं घडवलं'वाला निरोप येतो, म्हणाला. ती दलालाला तो जपून ठेवायला सांगून आली होती. चार नंबरच्याच नावानं एक कोरा निरोप धाडला, की तो पुसला जाई; हे तिलाच ठाऊक होतं.

"कसं पुसू, ताई?"

"पुनमचंदसाहेबांना इचारा," साधना म्हणाली.